पेठेचे हस्ताक्षर

जालन्याहून चिखलीकडे जाणाऱ्या सडकेने प्रवासी देऊळगाव राजाच्या शिवेत येतो, तेव्हा ज्या श्रीबालाजीमुळे या गावाचे नाव दूरदूरच्या मुलखात पोहोचले त्याच्या मंदिराचे दर्शन होण्यापूर्वी कितीतरी आधी त्याच्या दृष्टीस पडतो तो बाजार. बियाण्यांच्या कंपन्यांनी रंगवून घेतलेल्या शेतातल्या विहिरींच्या भिंती, ठिबक सिंचनाचे आणि सिमेंटचे फलक, कृषी केंद्रांसमोर रचलेल्या खतांच्या गोण्या, भ्रमणध्वनीच्या दुकानांची चकचकीत दर्शनी अंगे आणि दुपारच्या वेळी अर्धवट ओढलेली लोखंडी शटरे अशी ही रांग बसस्थानकापर्यंत त्याची सोबत करते. या रांगेकडे आपण पाहतो खरे, पण तिचे निरीक्षण करीत नाही. देवळाचा काळ, वाड्याचा काळ, तटबंदीचा काळ विचारणारे जिज्ञासू भेटतात. परंतु दुकानाच्या पाटीचा काळ कोणता, ती प्रथम कोणी व कशासाठी रंगविली, असे विचारणारा क्वचितच आढळतो. माझ्या मते देवळाच्या शिखराइतकीच ही पाटीही गावच्या इतिहासाची साक्षीदार आहे. म्हणून तिची जबानी नोंदवून घेण्याचा हा प्रयत्न.

देऊळगावाच्या नावापुढे 'राजा' ही उपाधी आली ती सिंदखेडच्या जाधवरावांच्या घराण्यामुळे. जिजाबाईंचे माहेर असलेले सिंदखेड राजा, संत चोखामेळ्यांचे जन्मगाव म्हणून पूज्य असलेले मेहुणा राजा आणि हे देऊळगाव राजा अशी ही एकाच घराण्याच्या छायेतली गावे. याच तालुक्यातले देऊळगाव मही हे निराळे गाव, म्हणूनही ही उपाधी व्यवहारात टिकून राहिली असावी. बालाजीचे ठाणे आणि राजघराण्याचा आश्रय या दोन्ही गोष्टी लाभल्यावर तेथे पेठ वसणे क्रमप्राप्त होते. जुन्या मराठी व्यवस्थेत नुसत्या शेतीचे गाव ते मौजे आणि जेथे बाजार भरतो ते कसबा, असा भेद सरकारी दफ्तरात काटेकोरपणे पाळला जाई. पेठेवर शेटे आणि महाजन हे वतनदार असत. नवी दुकाने वसविणे, वजनमापांवर लक्ष ठेवणे, व्यापाऱ्यांचे तंटे मिटविणे ही त्यांची कामे, आणि त्यांच्या मोबदल्यात दुकानादुकानांतून ठरलेला हक्क उचलण्याचा त्यांना अधिकार. दुकानदारांवर आणि कारागिरांवर मोहतर्फा बसे, येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात बसे, आणि या साऱ्याचा हिशेब मोडी लिपीत लिहिला जाई.

या पेठेला पाटी नव्हती, ही गोष्ट आज आपल्या लक्षात येत नाही. गिऱ्हाईक दुकानाला ओळखत असे ते दुकानदाराच्या कुळावरून, गल्लीच्या नावावरून आणि दाराशी मांडलेल्या मालावरून. कासाराच्या दारात भांडी झळकत, रंगाऱ्याच्या वळचणीला ओली लुगडी वाळत, गंध्याच्या दुकानाचा पत्ता वाऱ्यावरूनच लागे. माल हीच मालाची जाहिरात होती. अक्षर होते ते आत, वहीत. बाहेर दर्शनी भागावर अक्षर लिहिण्याचे प्रयोजनच नव्हते, कारण ज्याला वाचता येत होते त्याला दुकान आधीपासूनच ठाऊक होते, आणि ज्याला ठाऊक नव्हते त्याला बहुधा वाचता येत नव्हते.

अनोळखी गिऱ्हाईक येई ते यात्रेला. आश्विनात बालाजीचा उत्सव भरतो, लाकडी लाटा उभारून त्यांवर मंडप चढविण्याचा लाटा मंडपोत्सव होतो आणि वऱ्हाडातून, मराठवाड्यातून भाविक लोटतात. यात्रेतला दुकानदारही परगावचा आणि गिऱ्हाईकही परगावचे. दोघांचीही ओळख चार दिवसांची. अशा ठिकाणी दुरून दिसणे, लक्ष वेधणे, हाक मारणे ही दुकानदाराची निकड होते. रंगीत पाल, टांगलेली खेळणी, बांगड्यांच्या उतरंडी, आरशांच्या रांगा आणि रात्री दिवट्यांचा उजेड हे सारे या निकडीतून जन्मले. स्थायी पेठेने पुढे जे शृंगार अंगीकारले त्यांची पहिली तालीम यात्रेच्या मैदानावर झाली, असे मला वाटते. देवासाठी उभारलेला मंडप आणि मालासाठी उभारलेले पाल यांच्यामध्ये आपल्या लोकांनी फार उंच भिंत कधी घातली नाही. दर्शन घेऊन परतणारा माणूस प्रसादाबरोबर लेकीसाठी बांगड्याही घेऊन जाई, आणि घरी दोन्हींचे स्वागत सारख्याच आनंदाने होई.

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे विलायतेच्या गिरण्यांना इकडच्या कापसाची गरज भासू लागली. या जिल्ह्यातल्या खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा झाला, तो 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या मुलखातून मनमाडपर्यंत जाणाऱ्या रेल्वेने जालना जोडले गेले. देऊळगाव राजाला रूळ आले नाहीत. परंतु जालन्याच्या स्थानकावरून बैलगाड्यांनी, पुढे मोटारींनी, माल मात्र आला. कापूस नाव न घेता गेला आणि त्याच्या बदल्यात आलेल्या प्रत्येक वस्तूला नाव होते. आगपेटीला छाप होती, राकेलच्या डब्याला छाप होती, मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यावर देवदेवतांचे आणि हत्तीघोड्यांचे रंगीत तिकीट चिकटविलेले होते. बाजाराच्या स्वरूपात झालेली ही सर्वांत मोठी क्रांती होय; कारण मालाला नाव मिळताच ते नाव गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ठेवण्याची गरज निर्माण झाली, आणि त्या गरजेतून चित्र बाजारात उतरले.

हे चित्र सर्वस्वी परदेशी नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा स्थापन केली व तेथून देवांची आणि पेशव्यांची शिळाछापाची चित्रे मराठी घरांत गेली. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस नेला, आणि त्या छापखान्यातील लक्ष्मी व सरस्वती खेड्यापाड्यांतील देवघरांत विराजमान झाल्या. हीच चित्रे साबणाच्या आणि बालान्नाच्या कंपन्यांनी दिनदर्शिकांवर घेतली. वर देवी, खाली कंपनीचे नाव आणि त्याखाली महिन्याच्या तारखा अशी ती रचना. वर्ष सरले म्हणजे तारखा कापून टाकीत आणि देवीला चौकट करून भिंतीवर लावीत. जाहिरात वर्षभरात संपत असे, चित्र मात्र दोन पिढ्या टिके. पुढे रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांनी दिनदर्शिका व मासिकांची मुखपृष्ठे यांच्या द्वारे मराठी माणसाच्या सौंदर्यदृष्टीला जे वळण लावले, ते लावण्याचे सामर्थ्य त्या काळी कोणत्याही चित्रप्रदर्शनात नव्हते. कारण प्रदर्शन मुंबईस भरे आणि दिनदर्शिका देऊळगावच्या किराणा दुकानात फुकट मिळे.

शिक्षणसंस्थांनीही या बदलाची दखल घेतली. 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत 1935 साली व्यापारी कलेचा स्वतंत्र विभाग उघडला गेला. पण शाळेबाहेर ही कला त्यापूर्वीच रुजली होती. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री हे नाटकांचे पडदे रंगवीत, मूर्ती घडवीत, चित्रपट काढीत आणि त्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतः काढीत. 1924 मधील 'कल्याण खजिना' या त्यांच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक आजही कलेच्या अभ्यासकांना ज्ञात आहे. लोकांनी त्यांचे आडनाव विसरून त्यांना बाबूराव पेंटर म्हटले, आणि धंद्याचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसले. पुढे तालुक्यातालुक्यांत ज्या माणसाने पाटी रंगविली तो पेंटरच झाला. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत तो आपले नाव आणि त्यापुढे 'पेंटर' ही अक्षरे घाली. चित्रकाराची स्वाक्षरी ज्या अभिमानाने असते त्याच अभिमानाने ती असे.

या पेंटरचे काम मी पुष्कळदा उभा राहून पाहिले आहे. पत्र्याला आधी काचकागदाने घासून प्रायमरचा हात द्यायचा, तो वाळला की पार्श्वभूमीचा रंग, मग दोरीला खडूची भुकटी माखून ती दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायची. पत्र्यावर एक सरळ पांढरी रेघ उमटे. ती शिरोरेषा. अक्षरे तिला टांगली जात. म्हणून तो शब्दाची लांबी आधी बोटांनी मोजी, मग खडूने पुसट खुणा करी. डाव्या हातात आडवी काठी, तिच्यावर उजव्या हाताचे मनगट आणि मऊ केसांचा चपटा ब्रश. 'बालाजी' हा शब्द देऊळगावच्या पेंटरने किती वेळा लिहिला असेल याची गणतीच नाही. बालाजी किराणा, बालाजी क्लॉथ, बालाजी कृषी केंद्र. त्या शब्दातला 'ल' मी लक्षपूर्वक पाहिला. शिरोरेषेपासून एक देठ मधोमध खाली उतरवायचा, त्याच्या डाव्या बाजूला एक पाकळी वळवायची, ब्रश उचलायचा, रंगात बुडवून डबीच्या काठावर निरपायचा आणि उजवीकडे तशीच दुसरी पाकळी. दोन्ही पाकळ्या सारख्या भरल्या की तो एक पाऊल मागे सरके, मान तिरकी करी आणि पुढे येऊन उजव्या पाकळीला किंचित जाडी देई. अखेरीस पिवळ्या अक्षरांना उजव्या आणि खालच्या अंगाने लाल किनार, म्हणजे 'शेड'. तिने अक्षर पत्र्यावरून उठून उभे राही. दुकानदार घाई करी, परंतु ते एक पाऊल मागे सरकणे पेंटरने कधी सोडले नाही.

या बाजाराकडे नागर चित्रकलेने वळून पाहिले ते फार उशिरा. पाश्चात्य देशांत अत्झे या छायाचित्रकाराने पॅरिसच्या दुकानांची दर्शनी अंगे विसाव्या शतकाच्या आरंभीच टिपली होती. 1962 मध्ये अँडी वॉरहॉलने सूपच्या डब्यांची 32 चित्रे मांडली, आणि पुढच्याच वर्षी एड रुशे याने हमरस्त्यावरील 26 पेट्रोल पंपांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले. उपनगरांच्या सडकांवरील दुकाने, दिव्यांचे फलक आणि मोटारींचे तळ हा चिंतनाचा विषय होऊ शकतो, हे रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी 1972 मध्ये लास व्हेगासवरील ग्रंथात सांगितले. या कलावंतांपुढे जो बाजार होता तो यंत्राने घडविलेला होता. एक डबा दुसऱ्यासारखा आणि एक पंप दुसऱ्यासारखा हेच त्याचे लक्षण. आपल्याकडील बाजार मात्र हाताने रंगविलेला होता, आणि म्हणून आपल्या चित्रकारांना त्यात जे दिसले ते निराळे होते.

भूपेन खक्कर यांनी 1972 मध्ये 'जनता वॉच रिपेअरिंग' हे चित्र काढले. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे छोटे दुकान, वरची पाटी आणि आतला एकाकी माणूस. पाटी रंगविणाऱ्याची शैली त्यांनी आदराने उचलली होती. पुण्यात जन्मलेले सुधीर पटवर्धन हे व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. 1975 पासून त्यांनी ठाण्यात तो व्यवसाय केला आणि त्याच ठाण्याच्या वाढत्या उपनगरी वस्तीला आपल्या चित्रांचा विषय केले. 1977 चे 'इराणी रेस्टॉरंट', 2001 चे 'लोअर परळ' आणि उल्हासनगरचे विस्तीर्ण दृश्य यांत रेल्वेचे पूल आहेत, अर्धवट बांधलेल्या इमारती आहेत, टपऱ्या आणि दुकाने आहेत. पण या साऱ्याच्या मधोमध कामावर निघालेला, थांबलेला, खांद्यावर पिशवी अडकविलेला माणूस आहे. क्ष-किरणाच्या काचेतून दिवसभर माणसाची हाडे पाहणाऱ्या या चित्रकाराने संध्याकाळी त्याच माणसाचे बाहेरचे जग पाहिले, आणि त्या जगात त्याचे शरीर कोठे टेकते, कोठे दबते, हे दाखविले. 2008 च्या सुमारास त्यांनी समकालीन भारतीय चित्रांचे 'विस्तारणारी क्षितिजे' हे प्रदर्शन मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातल्या शहरांत फिरविले. चित्र गावाकडे गेले पाहिजे ही त्यामागची तळमळ, दिनदर्शिकांनी जे काम नकळत केले होते तेच काम जाणीवपूर्वक करणारी होती.

तिसरे उदाहरण घाटकोपर या मुंबईच्या उपनगरात वाढलेल्या अतुल दोडिया यांचे. त्यांनी दुकानांची लोखंडी शटरेच चित्रांसाठी वापरली. 2002 मधील 'महालक्ष्मी' या कृतीत बंद शटरावर दिनदर्शिकेतली, भरजरी वस्त्रातली लक्ष्मी इनॅमल रंगात आहे. शटर वर सरकविले की मागच्या पटावर दिसतात त्या गळफास घेतलेल्या तीन बहिणी. हुंड्याअभावी लग्न न जमलेल्या मुलींची ती शोकांतिका. ज्या लक्ष्मीला आपण दिवाळीत गल्ल्यापाशी पूजतो, तिच्याच नावाने घराघरांत काय मागितले जाते, याचा जाब हे शटर विचारते. बाजाराचे चित्र काढणे म्हणजे बाजाराची स्तुती करणे नव्हे आणि त्याला तुच्छ लेखणेही नव्हे. त्याच्या दर्शनी पत्र्यामागे कोण राहते हे पाहणे होय. या कृतीपुढे ही गोष्ट मला जितकी स्पष्ट उमगली तितकी दुसऱ्या कशानेही उमगली नाही.

देऊळगावच्या पेठेत आज पेंटरचा ब्रश बहुतांशी थांबला आहे. या शतकाच्या आरंभापासून यंत्रावर छापलेले फ्लेक्स आले. ते स्वस्त, ते तासाभरात तयार, आणि त्यांवर छायाचित्रही घेता येते. दुकानदाराने ते पत्करले यात त्याचा दोष नाही, कारण त्याला दोन पैसे वाचवायचे असतात. पण या बदलाबरोबर एक सूक्ष्म गोष्ट घडली. संगणकावर प्रथम रूढ झालेल्या देवनागरी अक्षरांच्या साच्यांत 'ल' हा बहुधा हिंदी वळणाचा, उजवीकडे उभी दांडी असलेला, आणि 'श'ही त्याच वळणाचा आला. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमालेत पाकळ्यांचा 'ल' आणि मराठी वळणाचा 'श' यांनाच प्रमाण ठरविले. तरीही फ्लेक्सवर 'बालाजी' लिहिले जाते ते दांडीच्या 'ल'ने. 2022 मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सर्व दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर अन्य लिपीतील अक्षरापेक्षा लहान नसावे असा दंडक आला. या कायद्याचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु कायद्याने भाषा राखली जाते, अक्षराचे वळण राखले जात नाही. ते हातातच राहते, आणि हात थांबला की पुस्तकात उरते. माल सर्वत्र एकच झाला, पाटीही एकच झाली, आणि देऊळगावची पेठ व ठाण्याचे उपनगर यांना एकमेकांपासून निराळे ओळखण्याची एक खूण पुसली गेली.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. देऊळगाव राजाच्या नगरपालिकेने, शाळांच्या चित्रकलाशिक्षकांनी आणि बालाजीच्या संस्थानाशी निगडित असलेल्या जाणत्या मंडळींनी एकत्र येऊन गावातल्या हाताने रंगविलेल्या उरल्यासुरल्या पाट्यांची नोंद करावी. कोणती पाटी कोणाची, कोणत्या साली, कोणत्या पेंटरने रंगविली, हे जुन्या दफ्तरासारखे क्रमवार लिहावे, छायाचित्रे घ्यावीत, आणि जे पेंटर अद्याप हयात आहेत त्यांना यात्रेच्या दिवसांत शाळेच्या अंगणात बोलावून मुलांसमोर एक अक्षर लिहावयास सांगावे. अजिंठ्याच्या लेण्यांची नोंद करणारे आपण, गावच्या पेठेची नोंद करण्यात आळस का करावा? लेणी रंगविणाऱ्यांची नावे काळाने पुसली. पेठ रंगविणाऱ्यांची नावे पाटीच्या कोपऱ्यात अजून वाचता येतात.

वैशाखातल्या वाऱ्याने एखाद्या दुकानावरचा फ्लेक्स फाटतो, आणि त्याच्या आड झाकलेली जुनी पत्र्याची पाटी काही दिवस उघडी पडते. पार्श्वभूमीचा निळा रंग करपलेला असतो, लाल किनार गेलेली असते, पण मधोमध देठ आणि दोन्ही बाजूंना सारख्या भरलेल्या दोन पाकळ्या असलेला 'ल' जागच्या जागी असतो. तो लिहिणाऱ्याने एक पाऊल मागे सरकून मान तिरकी केली होती आणि पुढे येऊन उजव्या पाकळीला किंचित जाडी दिली होती. ती जाडी पत्र्यावर अजून दिसते.